काळीजबाई

“पाकीट तुम्हीच फोडा, सर,” काळीजबाई म्हणाल्या.

टेबलाभोवती बसलेले सगळे सरांकडे बघू लागले. गेली बारा वर्षं या सरांनी प्रत्येक परिषदेत बाईंचं म्हणणं उडवून लावलं होतं. यकृताच्या पेशींपलीकडे बाईंना जग नाही, आणि यकृत म्हणजे काळीज, म्हणून ‘काळीजबाई’ हे नावही त्यांनीच पाडलेलं. विद्यार्थी पाठीमागे तेच म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

भांडण एकाच मुद्द्याचं होतं. यकृतात चरबी साचली की पेशीवर ताण येतो आणि ती आतल्या आत धोक्याचा इशारा देते. सर म्हणत, हा इशाराच पेशीचा जीव घेतो, तो बंद पाडा. बाई म्हणत, सुरुवातीला पेशी स्वतःला सावरायला धडपडत असते. तिचं तोंड दाबू नका, तिला हात द्या. असा हात देणारं औषध त्यांनी शोधलं, उंदरांना दिलं, शोधनिबंध लिहिला. नियतकालिकांकडून तो तीनदा परत आला. शेवटी त्यांनी सरांनाच गळ घातली. प्रयोग तुम्ही करा, तुमच्या माणसांकडून. औषध कुठल्या उंदराला दिलं ते तपासणाऱ्याला कळू देऊ नका. खोटी ठरले तर विषय सोडते.

सरांनी पाकीट फोडून, कुठल्या उंदराला औषध दिलं त्याची यादी बाहेर काढली. शेजारी उंदरांची यकृतं तपासलेली त्यांची तंत्रज्ञ आपल्या नोंदींची वही उघडून बसली होती.

“एक नंबर?”

“सावरलेलं यकृत.”

“औषध दिलेलं. दोन?”

“खराब.”

“औषध नाही. तीन?”

शेवटच्या नंबरापर्यंत सर यादीवर खुणा करत गेले. चाळिसापैकी अडतीस जुळले.

सर उभे राहिले. “बारा वर्षं मी यांना आडवा आलो,” ते आपल्या विद्यार्थ्यांना म्हणाले. “बाई बरोबर होत्या. मी चुकलो. हे सगळ्यांनी ऐकलंत ना?” मग उंदरांच्या यकृताच्या काचपट्ट्यांची पेटी बाईंसमोर सरकवत ते ओशाळून हसले. “आणि ते नाव... मागे घेतो.”

“राहू द्या, सर. आता अंगवळणी पडलंय.”

सगळे हसले. टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही, पण त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

तिथून बाई थेट वहिनींकडे गेल्या. बाईंचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा, यकृताच्या आजारानंच गेला होता. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस, पण दवाखान्यात प्रत्येक जण आधी विचारायचा, “किती घेता?” तो गेल्यावर नातेवाइकांत कुजबुज झाली, चोरून पीत असेल. तेव्हापासून वहिनींनी लोकांत जाणंच सोडलं होतं. बाईंनी मात्र त्याच वर्षी यकृताचा विषय घेतला.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. हातातला कपडा घडी घालून बाजूला ठेवला.

“म्हणजे त्यांच्या पेशी धडपडत होत्या?”

“हो.”

“आणि हे औषध तेव्हा असतं तर?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “शेवटच्या वर्षी नाही, वहिनी. पण आधी दोन-तीन वर्षं मिळालं असतं तर कदाचित. माणसांवर अजून तपासायचंय.”

वहिनी म्हणाल्या, “मला दाखवशील?”

“तुम्ही याल तिकडे? माणसं असतील.”

“असू देत की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी प्रयोगशाळेत आल्या. विद्यार्थ्यांनी उठून खुर्ची दिली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली औषध न दिलेल्या उंदराची एक काचपट्टी सरकवली. गुलाबी पेशी, त्यांच्यात चरबीची पांढरी भोकंच भोकं.

“असं होतं त्यांचं?”

“असंच.”

बाईंनी दुसरी, औषध दिलेल्या उंदराची पट्टी लावली. भोकं जवळजवळ नाहीशी झालेली. पेशीला पेशी खेटून, मधोमध जांभळे ठिपके.

“ह्या जगल्या?”

“जगल्या.”

वहिनींनी नळीवरचा डोळा काढला नाही. आपल्या पट्ट्या हातात घेऊन दोन विद्यार्थी मागे येऊन थांबले. बाईंनी त्यांना खुणेनं बसायला सांगितलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. वहिनी बघत राहिल्या, आणि त्यांना कुणी उठवलं नाही.