चीफच्या डोक्यावरची टोपी

मित्रांनो, मी केनियातल्या एका चीफची, म्हणजे सरकारने नेमलेल्या गावच्या अधिकाऱ्याची, टोपी आहे, आणि हे सांगताना मला लाज वाटते.

आतून बुचाची, वरून खाकी कापडाची अशी मला एका गोऱ्या साहेबासाठी घडवली. त्याचं डोकं उन्हात तापू नये एवढंच माझं काम, असं मी समजत होते. पण सभेत मी दिसले की म्हातारीकोतारीही उठून उभी राहत. साहेब इंग्रजीत हुकूम सोडी आणि दुभाषा तो गावकऱ्यांच्या कांबा भाषेत सांगे. एकदा हुकूम झाला, "गुरं फार झालीत, विका." गुरं गेली. लोक मला घाबरत होते आणि मी त्याला मान समजत होते.

साहेब गेला, झेंडा बदलला. आता आपण अडगळीत जाणार, असं मला वाटलं. पण मला पुसून नव्या चीफच्या डोक्यावर चढवलं, मग त्याच्यानंतरच्या. यंदा किलोन्झो चीफ झाला. तो याच गावचा.

बाभळीखाली सभा भरली. किलोन्झोने चक्क इंग्रजीत हुकूम सोडला आणि दुभाष्या मासिलाने तो कांबा भाषेत सांगितला, "नदीतली वाळू लॉऱ्या नेतील. तिथे कुणी खड्डे खणायचे नाहीत."

उन्हाळ्यात बायका त्याच वाळूत खड्डे खणून पाणी काढतात. किलोन्झोची आई स्योम्बुआ उठली.

"अरे किलोन्झो, वाळू गेल्यावर आम्ही पाणी कुठलं प्यायचं रे?"

किलोन्झोने मासिलाकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "काय म्हणते ही बाई?"

मासिलाला मान वर करवेना. "साहेब, त्या... पाण्याचं विचारतायत."

"मासिला, तुझ्या साहेबाला एवढं विचार बाबा," स्योम्बुआ म्हणाली, "मी याला दूध पाजत होते, तेव्हा माझं बोलणं याला कोण समजावून सांगत होतं?"

कुणी हसलं नाही. माझ्याखाली किलोन्झोचं कपाळ घामाने भिजलं होतं. त्याला शब्दन्‌शब्द कळला होता. तरी तो इंग्रजीची वाट पाहत मासिलाच्या तोंडाकडे बघत बसला.

हुकूम फिरला नाही. लॉऱ्या आल्या. स्योम्बुआ आता डोंगरापलीकडून पाणी आणते आणि किलोन्झो रोज सकाळी मला फडक्याने पुसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. माझ्यात कोंबड्यांना दाणे घाला, मला चुलीत घाला, पण मला जपू नका. मी डोक्यावर असले की लेकाला आईची भाषा कळेनाशी होते.