खलाशी बँडची नवी रेकॉर्ड

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो. काळी, गोल, जेवणाच्या ताटाएवढी. आधीच सांगून ठेवते, माझ्या दोन्ही बाजूंना गाणी आहेत. हे सांगायची काय गरज, असे तुम्हाला वाटेल. पण ज्या माणसांत मी दिवस काढले त्यांच्या ध्यानात ही गोष्ट यायला सव्वा महिना लागला. तेव्हापासून कुणाशीही बोलायचे झाले की मी इथूनच सुरुवात करते.

माझा जन्म मुंबईचा, एकोणीसशे सहासष्ट सालचा. तेव्हा तिथे 'खलाशी' नावाचा चार जणांचा बँड होता. गिटार वाजवून गाणारा गुरुदास मालवणजवळच्या देवबागचा. ड्रमवर बसणारा नुरुद्दीन मालवणच्या बाजारातला. उरलेले दोघे गोव्याचे सख्खे भाऊ. दिवसभर गोदीत काम करायचे आणि संध्याकाळी रॉक अँड रोल वाजवायचे, असा त्यांचा क्रम होता. शब्द आपले आणि ठेका गोऱ्या साहेबाचा. माझ्याआधी त्यांच्या दोन लहान रेकॉर्डी निघाल्या होत्या आणि मालवणच्या लोकांनी त्या अगदी डोक्यावर घेतल्या होत्या. किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणारे गडीसुद्धा त्यातल्या गाण्यांवर दोर ओढत, असे म्हणतात.

गुरुदास मुळात भजनातला. देवबागच्या दाजीबुवांनी त्याला अकरा वर्षे मांडीला मांडी लावून शिकवले. दाजीबुवांना मूलबाळ नाही. जे काही होते ते त्यांनी या एका पोराच्या गळ्यात घातले. भजनाला बसलेला बुवा आधी गुरूचे नाव घेतो आणि मगच तोंड उघडतो, हा आपल्याकडचा रिवाज. गुरुदासने तो रॉक अँड रोलमध्येही पाळला. पहिल्या दोन्ही रेकॉर्डींवर गिटार सुरू व्हायच्या आधी दाजीबुवांचे नाव होते.

माझ्या वेळी मात्र कंपनीच्या साहेबाने नाक मुरडले. ही मोठी रेकॉर्ड, दूरदूर जाणार, सुरुवातीलाच हे नको, असे त्याचे म्हणणे. गुरुदास हटून बसला. शेवटी तोड निघाली. दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे दाजीबुवांच्याच एका गजराच्या चालीवर होते. त्याच्या आधी काय हवे ते म्हण, असे साहेबाने सांगितले. तिथे गुरुदास म्हणाला, "माझे गुरू दाजीबुवा." म्हणताना त्याचा आवाज जरासा कापला. तो कापरा आवाजही माझ्यावर जसाच्या तसा उमटला. खरे सांगते, माझ्या सगळ्या गाण्यांत मला तेवढाच तुकडा आवडायचा.

मग ते चौघे आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका बोटीवर वाजवायचे काम घेऊन निघून गेले. जाण्यापूर्वी नुरुद्दीनने मला कापडात गुंडाळून मालवणला आपल्या मामाकडे पाठवले. त्याचा मामा म्हणजे मुस्तफाभाई. बाजारात त्यांचे चहाचे हॉटेल होते आणि हॉटेलात चावीचा ग्रामोफोन. खलाशी बँडचे सगळे चाहते तिथेच बसत. इथे एक चूक झाली आणि ती प्रेमापोटीच झाली. मी नव्या जातीची रेकॉर्ड. मला हलकी, बारीक सुई लागते आणि मी हळू फिरते. मामाचे यंत्र जुने, त्याची सुई लोखंडी आणि जड. ती माझ्यावर एकदा फिरली की थोडी मी झिजणार, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मला पहिल्यांदा लावले. हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. महादू शिंप्याने मला हात लावण्याआधी हात धुतले. मी फिरू लागले, आणि गुरुदासचा आवाज एखाद्या चिडलेल्या कोंबडीसारखा बाहेर आला. यंत्र माझ्यासाठी फारच वेगात होते.

"हो गुरुदास न्हय," बाबली म्हणाला. बाबली होडी चालवायचा. गुरुदास आपला शाळासोबती, हे तो दर चहामागे एकदा तरी सांगायचा.

"मगे कोण?" महादूने विचारले.

"माका काय ठाऊक. मुंबयत पैशे दिले की कोणाचोय आवाज गावता."

मुस्तफाभाईंनी वेगाचा स्क्रू पिळून पिळून यंत्र हळू केले. आवाज जागेवर आला. तो गुरुदासच होता, हे आता आंधळ्यालाही कळले असते. पण मित्रांनो, संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा दोन दिवसांत जात नाही. आवाज पटला तेव्हा माणसांनी दुसरे काहीतरी शोधले.

"नाव खंय आसा?" बाबलीने विचारले. "दाजींचां नाव घेतल्यान नाय."

मग मुस्तफाभाईंनी सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून ठेवली. नाव नव्हते. पुन्हा ठेवली. नव्हते. गुरूचे नाव घ्यायचे तर ते पहिल्यांदाच, हे सगळ्यांच्या हाडात भिनलेले. त्यामुळे माझी सुरुवात एवढीच ते तपासत राहिले. मला उलटी करून बघावे, असे एकाही शहाण्याला सुचले नाही.

रोज हेच. सकाळी येणारा म्हणे, लाव बघू, मीच ऐकतो. दुपारी येणारा म्हणे, सकाळच्यांचे कान फुटले असतील. माझी पहिली बाजू खरखरू लागली. गाण्यांकडे कुणाचे लक्षच नव्हते. नुरुद्दीनने एका जागी ड्रमवर समुद्र उभा केला होता. तिथे हे लोक एकमेकांच्या कानात कुजबुजत. गुरुदास बाटला म्हणे. गुरुदासने गोव्याच्या भावांना गुरू केले म्हणे. कुणी म्हणाले, गुरूच्या चाली विकल्या, मग नाव कशाला घेईल. मी आतल्या आत जळत होते, पण जिथे सुई असेल तेवढेच मला बोलता येते.

एकदा तर मला पिशवीत घालून देवळात नेले. कौल लावायचा होता. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "पोरगो गुरूक विसारलो नाय ना, महाराजा?" असे विचारले. उजवी पडली. विसरला नाही, असे देवाने स्वच्छ सांगितले. परतताना बाबली म्हणाला, "पाकळी जरा जास्तच भिजलेली होती." देवावरही ज्याचा भरवसा नाही, त्याच्यापुढे माझ्यासारख्या रेकॉर्डीने काय करावे?

बातमी देवबागला पोचायला वेळ लागला नाही. "गाऊंदे. बरां गाता तो," एवढेच दाजीबुवा म्हणाले. पण त्यांनी सोमवारचे भजन बंद केले. पेटी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. ज्याला अकरा वर्षे दिली त्याने आपल्याला धरले की टाकले, एवढाच प्रश्न त्या म्हाताऱ्याच्या जिवाला लागून राहिला. आणि त्याचे उत्तर माझ्या पाठीवर होते.

शेवटी मला न्याय दिला तो मुस्तफाभाईंच्या बायकोने. खैरुन्निसाभाभी आत चुलीपाशी भजी तळत असायच्या. एक दिवस झारा हातात घेऊनच त्या बाहेर आल्या.

"महिनो झालो, त्याच एका बाजूचां आयकतंय. कान किटले माझे," त्या म्हणाल्या. "दुसरी बाजू कोणासाठी ठेवलास? परतून लावा बघू."

त्यांचे कान भजनाच्या रिवाजात वाढलेले नव्हते, म्हणून त्यांना हे सुचले. मुस्तफाभाईंनी मला उलटी केली. त्या बाजूला तोपर्यंत सुई लागलेली नव्हती. एक एक गाणे स्वच्छ वाजत गेले, आणि शेवटच्या गाण्याआधी गुरुदास म्हणाला, "माझे गुरू दाजीबुवा." भाभींनी पदराने डोळे टिपले. बाहेर बाकड्यावर महादू बसला होता, त्याचा चहा तसाच राहिला. मला वाटले, सुटले मी.

कसली सुटते. तासाभरात सगळा बाजार गोळा झाला.

"खरां आसा," महादू म्हणाला. "मी माझ्या कानान आयकलंय."

"पण खंयचे दाजी?" बाबली म्हणाला. "दाजी काय एक आसत? वाडीवाडीक दाजीबुवा आसत. आणि ह्यां गुरुदासच बोलता की त्या गोंयकारांतलो एक?"

"परत लाव मगे."

मुस्तफाभाईंनी लावली. सबंध बाजू कशाला ऐकायची, म्हणून सुई थेट त्याच जागी टेकवू लागले. हात हलायचा, सुई घसरायची, पुन्हा उचलायची, पुन्हा तिथेच टेकवायची. एकाला खात्री पटली की मागचा पुढे सरके. आवाज का कापला, चोरी असल्याशिवाय आवाज कापतो का, असाही एक जण म्हणाला. तीन दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबलीचीसुद्धा खात्री पटली. आपला गुरुदास आणि आपलेच दाजी, असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला, आणि लगेच होडी सोडून दाजीबुवांना आणायला निघाला. पण शेवटच्या त्या खेपेला सुई अशी काही रुतली होती की मला माझेच भान राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीबुवा आले. धुतलेले धोतर, खांद्यावर पंचा. भाभींनी त्यांच्यासाठी आतली खुर्ची बाहेर आणली. मुस्तफाभाईंनी मला लावले. शेवटच्या गाण्याच्या आधीची जागा आली आणि सुई खर्र करून उडाली, ती थेट गजराच्या मध्यात जाऊन पडली. मुस्तफाभाईंनी पुन्हा ठेवली. खर्र. पुन्हा. खर्र.

"काय म्हणता हय?" दाजीबुवांनी विचारले.

"दाजीनू, 'माझे गुरू दाजीबुवा' म्हणता तो," महादू म्हणाला.

"होय, होय. आमी सगळ्यांनी आयकलां," चारी बाजूंनी आवाज आले. बाबली पुढे होऊन त्यांच्या पायांशी बसला. "देवाशपथ सांगतंय, दाजीनू. वीस वेळा आयकलंय मी."

दाजीबुवांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. "तुमी सगळी माझीच माणसां," ते म्हणाले. "माका बरां वाटाचां म्हणान बोलतास."

महिनाभर ज्यांनी कुणावर विश्वास ठेवला नाही, त्यांच्यावर आता म्हातारा विश्वास ठेवायला तयार नव्हता. बाबली रडला. मला त्याची दया आली नाही, हे मी लपवत नाही.

दाजीबुवांनी मुस्तफाभाईंकडे मला मागून घेतले. तेव्हापासून मी देवबागला त्यांच्या माजघरात खुंटीवर आहे. घरात ग्रामोफोन नाही. दोन वर्षांनी बोटीवरून गुरुदास आला. आधी दाजीबुवांकडेच आला. पायांवर डोके ठेवून त्याने सगळे सांगितले. साहेबाशी कसा भांडलो, नाव कुठे घेतले, कसे घेतले. दाजीबुवांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "होय रे बाबा," म्हणाले. माळ्यावरची पेटीही खाली आली आणि दोघे तासभर बसले. मला वाटले, आता तरी हे मिटले.

गुरुदास गेल्यावर त्यांची भाची आनंदी भांडी आवरत होती. ती म्हणाली, "बघा, तुमी उगाच मनात धरून बसलास. घेतल्यान होतां ना नाव?"

दाजीबुवा माझ्याकडे बघत होते. "समोर बसान 'नाय घेतलां' असां कोण सांगतलो गो?" ते म्हणाले.

मित्रांनो, मला जपून ठेवा, पुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. ते सगळेच सांगतात. कुणाचे काही खरे-खोटे करायचे असेल तर जरूर करा, पण ते निम्मे ऐकून करू नका, आणि एकदा ऐकलेत, पटले, की हात मागे घ्या. पुन्हापुन्हा टोकरून बघू नका. ज्याला ते ऐकायचा खरा हक्क आहे त्याच्यासाठी थोडे शिल्लक ठेवा. आजही कुणी घरी आले की दाजीबुवा मला खुंटीवरून काढतात, ती खरवडलेली जागा बोटाने दाखवतात आणि विचारतात, "तू आयकलं होतस?" येणारा होय म्हणतो. मग ते कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहतात.