गाडी दारात आहे ना

आमच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी पिवळा कागद चिकटवून गेलं होतं. ‘बेवारस वाहन. आठवड्याच्या आत न हलवल्यास उचलून नेण्यात येईल.’ मी जिवंत आहे, सून जिवंत आहे, गाडीचा मालकही चांगला धडधाकट आहे, आणि गाडी म्हणे बेवारस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नखांनी कागद खरवडायला गेले तर निम्मा निघाला आणि निम्मा काचेला धरून बसला. राहिलेल्या निम्म्यात नेमका ‘बेवारस’ हाच शब्द होता.

गाडी माझ्या मुलाची. गेल्या वर्षी तो एक बॅग घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटला. जाताना बायकोला सांगून गेला. मला सांगायचं काम तिच्यावर टाकलं. गल्लीला काय सांगायचं ते मात्र मी ठरवलं. कंपनीने मोठ्या कामावर बाहेरगावी पाठवलंय, असं मी घरोघर सांगितलं, तेही कुणी विचारायच्या आत. कुणाच्या चेहऱ्यावर शंका दिसली की माझं उत्तर तयार असे: “गाडी दारात आहे ना. कायमचा गेला असता तर गाडी ठेवून गेला असता का?” हे इतक्या वेळा बोलले की पुढे पुढे मलाही ते पटायला लागलं. या पोराचा गाडीवर भारी जीव. बायकोला विसरेल, आईला विसरेल, पण एक दिवस गाडी न्यायला तरी येईलच, असा मी हिशेब मांडला होता.

पोटच्या पोराने असं केलं हे सांगायला जीभ रेटत नव्हती, हे खरंच. सुनेकडे बघताना चोरी मीच केल्यासारखी माझी मान खाली जायची. पण आत आणखी एक भीती होती, आणि तिची मला जास्त लाज वाटायची. नवरा परत येणार म्हणून सून माझ्याजवळ राहिली आहे. तो येणार नाही हे एकदा नक्की झालं की ती तरी कशाला थांबेल? सासू ही काही कुणी आठवण म्हणून सांभाळायची वस्तू नाही.

गाडीची रया तर गेलीच होती. वर झाडाचा चीक, पक्ष्यांनी केलेली घाण, चाकांच्या आडोशाला गुडघ्याएवढं गवत. सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. रोज सकाळी निघताना ती दुकानातल्या मऊ फडक्याने गाडीच्या काचा पुसायची, कारण तसं करायला मीच सांगितलं होतं. ती निमूटपणे पुसायची आणि फडकं पर्समध्ये घालून बस पकडायला जायची.

तक्रार कुणी केली हे शोधायला मला वेळ लागला नाही. समोर हॉर्नकाका राहतात. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. दार उघडायच्या आधी घसा असा खाकरतात की रस्त्यावरची कुत्री बाजूला होतात, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. कचऱ्याच्या ट्रकला वळता येत नाही, गाडी थोडी मागे घेता येईल का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. म्हणजे तेच. त्याच संध्याकाळी ते वाण्याच्या दुकानात साबण घेताना सापडले आणि चार माणसांच्या देखत मी तोंडाचा पट्टा सोडला. लोकांच्या दारातल्या गाड्या मोजत बसण्यापेक्षा स्वतःच्या घरात बघा, म्हटलं. पोटची मुलगी याच शहरात असून वर्षानुवर्षं उंबरा चढत नाही, ती का, याची तक्रार कुठल्या ऑफिसात करणार आहात?

हॉर्नकाकांनी साबण पिशवीत टाकला, सुटे पैसे न घेताच ते बाहेर पडले. घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं. रात्री ताटातली भाजी तशीच राहिली, पण त्याचा दोष मी मिठाला दिला.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या कचेरीत गेले. खिडकीमागचा कारकून त्याच पिवळ्या कागदांच्या गठ्ठ्यावर डबा ठेवून जेवत होता. गाडी बेवारस नाही, असं मी त्याला परोपरीने सांगितलं. तक्रार कुणाची ते सांगता येत नाही, म्हणाला. वर घास चावत म्हणाला, की आमचा माणूस बघायला येईल तेव्हा गाडी जागेवरून हललेली दिसली तर वापरात आहे असं आम्ही समजतो. मला तेवढंच पाहिजे होतं.

सुनेच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी गल्ली झोपलेली बघून, आम्ही गाडी ढकलायला बाहेर पडलो. सुनेने पायपंपाने चाकांत हवा भरली. भरताना एकदा थांबून म्हणाली, “आई, खरंच ढकलायची का?” मी म्हटलं, “मग काय उचलून घरात आणायची?” तिने पंपावर पुन्हा पाय ठेवला. चावी फिरवून स्टिअरिंग सोडवायचं, गिअर मोकळा करायचा, हँडब्रेक खाली करायचा, हे तिनेच मला दाखवलं. मग ती मागे गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

सीट मुलाच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. तिच्यावर बसून मला समोरचा रस्ता कमी आणि आभाळ जास्त दिसत होतं. आत अजून त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. मला क्षणभर रडू फुटेल असं वाटलं, तेवढ्यात गाडी कुरकुरली आणि हलली. आमचा रस्ता समोरच्या बाजूला जरासा उतरता आहे, हे चालताना कधी लक्षात आलं नव्हतं. गाडीच्या मात्र ते लगेच लक्षात आलं. सून मागून “ब्रेक, आई, ब्रेक” म्हणून ओरडत होती आणि माझा पाय हवेतच ब्रेक शोधत होता. हँडब्रेक नावाची वस्तू मी साफ विसरले. हॉर्नकाकांचं फाटक मोठं मोठं होत समोर आलं.

ते बनियनवरच धावत बाहेर आले. फाटकाजवळची वीट त्यांनी पुढच्या चाकाखाली सरकवली, खिडकीतून हात घालून हँडब्रेक ओढला, आणि गाडी फाटकाला नाक लावून उभी राहिली. आजूबाजूच्या दोन-चार खिडक्या उघडल्या. मी स्टिअरिंग धरून बसले होते, सोडायचं सुचत नव्हतं.

“वहिनी, सीट पुढे घ्या आधी,” ते म्हणाले. “तुमचा पाय पोचत नाहीये.”

बस एवढंच. दुकानातल्या बोलण्याचा एक शब्द नाही, कपाळावर आठी नाही. त्यांनी गाडीचं दार उघडून मला हात दिला. हे माझ्याच्याने सहन होईना. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी निदान भांडू शकले असते. म्हणून खाली उतरून मी पुन्हा तेच काढलं: तक्रार तुम्हीच केली होती ना, मग आता कशाला धावलात?

काकांनी मान खाली घातली. सून गाडीच्या मागून पुढे आली. तिचे हात धुळीने माखले होते.

“आई, त्यांनी नाही. तक्रार मी केली.”

मला आधी कळलंच नाही. मग ती सावकाश, एखाद्या गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगावं तशी बोलत राहिली. तिने माझ्या मुलाला फोन करून विचारलं होतं. गाडी मला नको, तुम्हाला काय करायचं ते करा, असं तो म्हणाला होता. नवऱ्याला ती त्या दिवशी पहिल्यांदा ‘तो’ म्हणाली. रोज सकाळी ती काच पुसून कामाला जायचं तिला आता होत नव्हतं. आणि मला सांगायचा धीरही होत नव्हता, कारण गाडीचा विषय निघाला की माझा चेहरा तिला बघवत नसे.

माझ्याशी बोलण्यापेक्षा डब्यातला घास चावत बसणाऱ्या त्या कारकुनाशी बोलणं माझ्या सुनेला सोपं वाटलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“मग ढकलत कशाला होतीस?” मी विचारलं.

“तुम्ही ढकल म्हणालात म्हणून.”

काका पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. आतली भीती तेव्हा माझ्या तोंडून निसटलीच. गाडी गेली की तूही जाशील, असं मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. ती लगेच नाही म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. ती विचार करून म्हणाली, “ते मला अजून माहीत नाही, आई. पण मी गाडीसाठी थांबले नव्हते.”

काकांच्या मदतीने गाडी पुन्हा ढकलून आम्ही दारात आणून ठेवली, आणि आठवडा संपता संपता ती उचलायला ट्रक आला. एरवी मी पडद्याआडून बघितलं असतं. त्या दिवशी बाहेर जाऊन उभी राहिले. सून कामावर उशिरा जाणार म्हणून सांगून माझ्या शेजारी थांबली. गल्लीतले लोक आपापल्या दारांत, खिडक्यांत होते. साखळी लावणाऱ्या माणसाने हात पुसत विचारलं, मालक कुठे असतात?

‘कंपनीने बाहेरगावी पाठवलंय’ हे वाक्य आपोआप ओठांवर आलं. वर्षभराची सवय. सून माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम.

“माझा मुलगा आहे मालक,” मी म्हटलं, शेवटच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. “आम्हाला दोघींना सोडून गेला. आता तो यायचा नाही.”

साखळीवाल्याने ‘बरं’ म्हटलं आणि चावी मागितली. मी गल्लीकडे बघितलं. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. वाणी वजनकाटा पुसत राहिला, कोपऱ्यावरची मास्तरीण कुंडीतली पानं खुडत राहिली. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी घरोघर जाऊन थाप मारत होते आणि ते मला खाली बघावं लागू नये म्हणून माना डोलवत होते. त्याच लोकांमध्ये उभं राहून मी एका म्हाताऱ्या माणसाची सालटी काढली होती, आणि तोही सगळं जाणून गप्प बसला होता.

ट्रक वळला. जागा रिकामी झाल्यामुळे तो एका दमात वळला. मी तोंडावरून हात फिरवला आणि रस्ता ओलांडला. हॉर्नकाका फाटकाशी होते. ‘असू द्या वहिनी’ म्हणून ते मला सोडवतील, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांच्या आधी मीच बोलले.

“तुमच्या मुलीवरून बोलले मी. चार माणसांत बोलले. फार वाईट केलं.”

ते काहीतरी म्हणणार होते. नेहमीसारखा घसा खाकरायला गेले, पण आवाज फुटला नाही. मग त्यांनी नुसतंच फाटक उघडलं, आणि मी मान खाली घालून आत गेले.