खटक्यावरचा रुमाल

मी एक रुमाल आहे. पुएब्ला शहरातल्या एका गल्लीत मक्याच्या भाकऱ्यांचं दुकान आहे, तिथलं यंत्र चालू-बंद करायच्या खटक्याला मी बांधलेला असतो.

रेमेदियोस नावाच्या बाईनं मला भाकऱ्या गुंडाळायला म्हणून रंगीत दोऱ्यानं भरायला घेतलं होतं. कोपऱ्यात हिरवा गुंजनपक्षी. एक पंख भरून झाला, तोवर ती दुकानात कामाला लागली, आणि मी यंत्र पुसायला आलो.

मला ते फार आवडायचं. ओल्या पिठाचा वास, वाफ, आणि पीठ लाटणारे दोन रूळ कुजबुजत फिरणारे. रांगेतलं सगळं मला कळायचं. किलोभर नेणारीनं तीन किलो मागितलं की समजावं, लेक माहेरी आलीय.

रुळाला पीठ चिकटायचं. यंत्र थांबवलं तर ते सुकून दगड होतं, असं सगळेच म्हणत. फिरता रूळ आपणहून सगळ्या बाजू पुढे करायचा, मी नुसतं टेकायचं. पाळण्यात घातल्यासारखी झोप यायची.

एका रविवारी दुपारी रांग कोपऱ्यापर्यंत गेली आणि भाकऱ्या फाटून यायला लागल्या.

"रेमे, भाकऱ्या देतेस की चिंध्या?" रांगेतल्या ओफेलियाबाई म्हणाल्या.

"आज चिंध्याच जेवा, बाई."

खटक्याजवळ यंत्र चालवणारा फिदेन्सियो होता. "बंद करू का गं?"

"नको रे, रांग बघ की. एक हात फिरवते."

तिनं मला ओलं करून बोटांना गुंडाळलं. माझी एक कड उसवलेली होती. ती रुळांमध्ये शिरली. मला वाटलं, झोप लागतेय. माझ्यामागून तिची बोटं आली.

फिदेन्सियोनं खटका पाडला. रूळ थांबले, पण उशिरा.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. लोक म्हणाले, यंत्रानं खाल्ली. ओढलं मी होतं.

चार महिन्यांनी ती परत आली. मला घरी नेलं, धुतलं, आणि डाव्या हातानं दुसरा पंख भरला. टाके वेडेवाकडे.

"हा लंगडा उडणार कसा?" फिदेन्सियो म्हणाला.

"उडायचं नाहीच त्याला. इथं बसायचंय." तिनं खटका पाडला आणि दांडीला माझी गाठ मारली. "हा इथं दिसल्याशिवाय रुळाला कुणी हात लावायचा नाही. आणि गाठ सोडेन ती मीच."

आता रोज तीन वाजता पुसण्यासाठी रूळ थांबतात. पीठ सुकतं, खरंय. पाणी मारलं की सुटतं, एवढंच. रांग कुरकुरते, मीठ लावलेली गरम भाकरी खात उभी राहते. पुसायला दुसरा रुमाल आहे, कडा दुमडून शिवलेला.

तुमच्याकडेही काही ना काही फिरत असेलच. पुसायच्या आधी ते थांबवा, बाबांनो. आणि खटक्यापाशी कुणाला तरी बसवा.

मी तर बसलोच आहे. झोपत नाही.