कंसातली बाई

"बाई, शेवटचं पान पाठ झालं! अख्खं!" पोपट धापा टाकत विंगेत आली.

"अगं, हळू बोल. मोठ्या बाई पुढच्याच रांगेत बसल्यात."

पोपट म्हणजे आठवीतली मुलगी. कागद हातात दिला की तासाभरात घडाघडा म्हणून दाखवते, म्हणून हे नाव. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आणि मी शाळेची क्लार्क. सव्वीस वर्षं दाखल्यांवर शिक्के मारतेय, म्हणून पोरं माझ्यामागं मला शिक्केबाई म्हणतात. त्यांना वाटतं, मला ऐकू येत नाही.

नाटक बसवणं माझं काम नव्हे. नाटकाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाई ऑफिसात येऊन म्हणाल्या, "एखादं छोटं नाटक टाइप करून द्या हो. कुठूनही घ्या." मी कुठूनही घेतलं नाही. चार रविवार स्वयंपाकघराचं दार लावून स्वतः लिहिलं. घरच्यांनी विचारलं तर सांगितलं, ऑफिसचं काम आहे. आणि पहिल्या पानावर लेखकाच्या जागी काय टाइप केलं? 'संकलन: कार्यालय'. सव्वीस वर्षांची खोड, दुसरं काय!

नाटकातली बाई, म्हणजे आमची पोपट, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसते. येईल त्याला दरडावते, "नाव सांगा. मोठ्यानं सांगा, इथं सगळेच पुटपुटतात." मग त्याची छत्री, किल्ली, कवळी शोधून देते. शेवटी एक म्हातारा जाता जाता विचारतो, "आणि तुमचं काय हरवलं?" तिची एक वही हरवलेली असते, लहानपणी गोष्टी लिहिलेली.

ती वही माझी, हे काय वेगळं सांगायचं. कव्हरवर माझं लग्नाआधीचं नाव होतं, शाईनं गिरवलेलं. लग्नाच्या धांदलीत दादानं माळा आवरला आणि वही रद्दीत गेली. "त्यात एवढं होतं तरी काय?" तो म्हणाला. मी म्हणाले, "काही नाही." दादावरचा राग केव्हाच गेला. त्या 'काही नाही'चा अजून येतो.

मी लिहिलेल्या शेवटात वही सापडत नव्हती. मोठ्या बाईंनी पेन्सिलनं शेरा मारला, 'वही सापडू दे. पालक येणार आहेत, शेवट गोड हवा.' मी मान डोलावली. मग महिनाभर तालमीत वही रोज सापडत होती आणि मी रोज ते बघत होते. आज सकाळी राहवलंच नाही. माझा शेवट पुन्हा टाइप केला आणि पान पोपटच्या हातात कोंबलं. "कुणाला बोलू नकोस." वही सापडते तो शेवट मोठ्या बाईंच्या मांडीवर होता, आणि त्या पानं उलटत नाटक बघणार होत्या. हे अंगाशी आलं तर नाटक पुन्हा माझ्या हाती यायचं नाही. शिवाय मेमो मिळणार, आणि तोही मलाच टाइप करायला लावतील.

पडदा वर गेला. छत्री मिळाली, किल्ली मिळाली, कवळीला लोक पोट धरून हसले. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. म्हाताऱ्याची एन्ट्री झाली. मी शेवटचं पान वर काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. पानावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

झालं होतं असं, की ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं कंसाचं बटण वर्षभर बंद आहे. आमचा कंस केव्हाच मेलाय, असं आम्ही म्हणतो. म्हणून प्रत्येक पानावर मी लाल पेनानं हातानं कंस काढले होते आणि पोरांना नियम घालून दिला होता: लाल कंसातलं करायचं, बाकीचं बोलायचं. सकाळच्या घाईत या पानाच्या दोन्ही प्रतींवर, तिच्या आणि माझ्या, कंस काढायचेच राहिले. आणि पोरीनं अख्खं पान पाठ केलं होतं!

"आणि तुमचं काय हरवलं?" म्हातारा विचारून निघून गेला.

"एक वही," पोपट म्हणाली. मग त्याच आवाजात, "बाई खण उघडते."

कुणीतरी खुदकन हसलं.

"खण रिकामा आहे."

सगळं सभागृह हसलं. पोपट तिथंच अडली. तिनं विंगेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोठ्या बाईंनी मांडीवरचं पान पाहिलं, मग विंगेकडे पाहिलं.

दोरी सोडली असती तर पडदा पडला असता. लोक हसत घरी गेले असते. उद्या कुणी विचारलं असतं, काय झालं हो? मी म्हणाले असते, काही नाही.

मी दोरी खुंटीला गुंडाळली आणि पान वाचायला लागले. पुटपुटत नाही, खड्या आवाजात.

"बाई खण उघडते."

पोपटला समजलं. तिनं खण उघडला.

"खण रिकामा आहे. बाई हात घालून कोपरे चाचपते."

ती चाचपायला लागली. हसणं विरत गेलं.

"वही नाही. बाई रडत नाही."

पोपट रडली नाही. मी मात्र रडत होते, आवाज फाटत होता, तरी वाचत होते.

"बाई एक कोरा कागद घेते. लिहायला बसते."

इथं पान संपलं. पोपट कागद घेऊन बसली. आता मी पडदा पाडायचा होता. मी खुंटीकडे हात नेला, तेवढ्यात कागदाबाहेरचा एक शब्द कधी न बोललेली ती पोर मान वर करून थेट माझ्याकडे बघत म्हणाली,

"नाव सांगा."

मी नाव पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा," पोपट दरडावून म्हणाली. "इथं सगळेच पुटपुटतात."

मी सांगितलं. वहीवर होतं ते, लग्नाआधीचं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. पोपटनं ते सावकाश कागदावर लिहून घेतलं, आणि मग मी पडदा पाडला.