दुपारचं शून्य

सिनेमाला जायचा हट्ट पुतणीचा. तेलाच्या धंद्यातलं मोठं कारस्थान उघडं पाडणारा चित्रपट आहे, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. "काका, तुम्ही तीस वर्षं रिफायनरीत काढलीत. तुम्ही सोबत हवेतच," म्हणाली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दुपारच्या खेळाला आली, आणि पिशवीत तिची ती निळी फाईल होतीच.

त्या फाईलीचं आधी सांगतो. तिचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, रिफायनरीत टाक्या साफ करणाऱ्या टोळीचा मुकादम होता. अठरा वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीनंतर दादा रिकाम्या टाकीत शिरला आणि आतल्या गॅसने तिथेच कोसळला. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. पुतणी तेव्हा शाळेत होती. मोठी झाल्यावर तिने एकेक कागद मिळवून फाईल लावली. त्यातला पहिला कागद माझ्या हातचा. टाकीत माणूस शिरण्याआधी गॅस मोजायचा, हे माझं काम. टाकीत शिरायच्या त्या दिवशीच्या परवान्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय: सकाळी आठ, शून्य. दुपारी दोन, शून्य. खाली माझी सही.

आता सिनेमा. असला भिकार सिनेमा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. खलनायक काचेच्या खोलीत बसून फक्त फोन करतो. त्याला दुसरं कामच नाही. नायक तेलाच्या टाकीवर चढून सिगारेट पेटवतो, तरी टाकी उडत नाही. उडाली असती तर सगळ्यांची लवकर सुटका झाली असती. मग तो गॅसचा मीटर हवेत फिरवतो आणि काटा लगेच लाल. अरे, नळी आत सोडावी लागते, तळाशी न्यावी लागते, थांबावं लागतं! मी एवढ्या मोठ्याने चरफडलो की पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. शेवटी कपाटात एक फाईल सापडते, तिच्यावर चक्क 'गुप्त' असं लिहिलेलं आणि आत फक्त एक आकडा. पुतणीसुद्धा कपाळाला हात लावून बसली.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो.

"पार पचका झाला," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, आपल्यासारखं काहीतरी असेल. पण काका, एक गोष्ट मला पटली. त्या नायकाकडेही शेवटी एकच आकडा होता."

तिने फाईल उघडून माझा परवाना काढला. "दोन वाजता तुम्ही मोजलंत तेव्हा शून्य. सव्वादोनला बाबा गेले. मग पंधरा मिनिटांत गॅस आला कुठून? कोणीतरी शेजारच्या लाईनचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. तो अधिकार एकट्या यार्डच्या इंजिनिअरला होता. मी सगळं लिहून काढलंय, त्याच्या नावासकट. इथून थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत जातेय."

मी कप खाली ठेवला. यार्डचा इंजिनिअर आता म्हातारा झालाय, बाजारात दिसला की माझी विचारपूस करतो. त्या माणसाने आयुष्यात कोणाच्या चहात साखर कमी घातली नसेल. पुतणी मात्र माझ्याकडे बघत होती, लहानपणी गणित बरोबर आलं की बघायची तशी. वहिनींच्या मागे तिला माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मला तिच्याशिवाय.

"व्हॉल्व्ह कोणी उघडला नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

"टाकीच्या तळाला गाळ असतो. सकाळी हवा स्वच्छ निघते. मग माणसं तो गाळ ढवळतात, दुपारी पत्रा तापतो, आणि गाळातून गॅस सुटायला लागतो. म्हणून तर जेवणानंतर पुन्हा मोजायचं."

"पण तुम्ही मोजलंत ना."

"नाही."

तिला कळलंच नाही. मला पुन्हा बोलावं लागलं. आमच्याकडे सगळेच तसं करायचे. ऊन रणरणत असायचं, टाकी यार्डाच्या पार टोकाला. जेवणाच्या शेडमध्येच परवाना पुढे ओढायचा आणि सकाळचा आकडा खालच्या रकान्यात उतरवायचा. वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

तिने कागदावरच्या खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं मी या शून्यावर..." मला वाटलं, आता उठून जाईल. मला रडू येत होतं आणि स्वतःची चीडही येत होती, कारण रडायचा हक्क तिचा होता.

तिने पिशवीतून पेन काढलं, परवान्याची झेरॉक्स उलटी करून माझ्यापुढे सरकवली. "लिहून द्या."

मी लिहिलं: दुपारी दोन, मोजले नाही. तारीख घातली, सही केली.

"बाबांना माहीत होतं का?" तिने विचारलं. "की तुम्ही मोजलं नाहीत?"

त्या दिवशी शेडमध्ये दादा माझ्या शेजारीच बसला होता. मी नळी उचलून निघालो होतो. त्यानेच मनगट धरून मला खाली बसवलं. "बस रे, सकाळचंच लिही. उन्हात कुठे मरायला जातोस?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला वाटलं, मी मोजलंय."

"तेही लिहा."

मी तेही लिहिलं, त्याच अक्षरात, आणि खाली पुन्हा सही केली. तिने वाचलं, कागदाची घडी घातली, फाईलीत सगळ्यात वर ठेवला. वर्तमानपत्रासाठी लिहिलेली पानं काढून तिने चार तुकडे केले. मग डोळे पुसून उठली.

"येते, काका," म्हणाली.