जहाजांची बेगमी

लेबनॉनच्या डोंगरातल्या ऐन-तूत गावाचा रस्ता एकदा बर्फानं बंद झाला, की घरात असेल तेच खायचं आणि घरात असेल तेच वाचायचं. म्हणून ऑक्टोबर लागला की बायकांच्या पायाला भिंगरी लागायची. गच्चीवर दही-दलियाचं किश्क वाळायचं, अक्रोड भरलेली वांगी तेलात बुडायची, सुकी अंजिरं डब्यात जायची. आणि शुक्रीच्या घरात या सगळ्यासोबत कादंबऱ्यांचं पोतं यायचं. पोतंच, उगाच वाढवून सांगत नाही. शुक्री गावाहून झहले शहराला जाणारी बस चालवायचा. थंडी पडायच्या आधी अबू फारेसच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तो पोतं भरून आणायचा आणि कोठीत किश्कच्या बरण्यांशेजारी ठेवून कुलूप घालायचा. पहिलं बर्फ पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

गाव हसायचं. "शुक्री, कागद उकडून खातोस की तळून?" हसा म्हणावं! जानेवारीत हेच शहाणे खिशात अक्रोड घालून शुक्रीच्या शेगडीजवळ जागा धरायला यायचे.

काय ते हिवाळे होते! बाहेर खिडकीच्या वरपर्यंत बर्फ, आत लोखंडी शेगडी लाल झालेली, तिच्यावर संत्र्याच्या साली वास सोडताहेत, आणि शुक्री मोठ्यानं वाचतोय. कप्तानाचा आवाज वेगळा, खलाशांचा वेगळा. वादळ आलं की तोंडानं भोंगा वाजवायचा, तो मात्र थेट त्याच्या बसचाच. त्याच्या पोत्यात असायची ती सगळी जहाजंच. बुडणारी, भरकटणारी, क्वचित किनाऱ्याला लागणारी. स्वतः शुक्री बैरूतचा समुद्र लांबून पाहिला तरी पोट धरून बसायचा. पण पुस्तकं मात्र जहाजांची! त्याची बायको वदाद विणत बसायची, आणि थोरली बहीण अफीफा, लग्नावाचून याच घरात राहिलेली, अक्रोड फोडत ऐकायची. अफीफाला अक्षरओळख नव्हती. तिचं सगळं वाचन भावाच्या तोंडून झालं.

या वसंतात शुक्री गेला. बदामाला फुलं आली होती, आणि हा बाबा गेला.

उन्हाळा कसाबसा सरला. मग मुलगा रमझी बैरूतहून येऊन म्हणाला, "आई, हिवाळ्याला तू नि आत्या माझ्याकडे चला. इथं दोघीच बर्फात अडकून काय करणार?"

"मी कुठं येत नाही," अफीफा म्हणाली. "तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मला कोंबडीसारखं कोंडू नकोस."

"मग आई तरी चल. रविवारी गाडी घेऊन येतो. काय ते ठरवून ठेव."

वदाद पेचात पडली. जावं तर वन्सं एकट्या. सबंध हिवाळा भिंतींशी बोलत बसतील. राहावं तर ती शेगडी, ती रिकामी खुर्ची, आणि वाचणार कोण? वदादला वाचता यायचं, पण अडखळत. लग्न होऊन आली तेव्हा एकदा तिनं मोठ्यानं वाचलं होतं. शुक्री म्हणाला होता, "बाई गं, ही कादंबरी आहे, कोर्टाचं समन्स नव्हे." ती जी गप्प बसली, ती आजतागायत.

तरी गुरुवारी ती अफीफाला घेऊन झहलेला गेलीच. मनात म्हटलं, आधी पोतं तर भरू. पोतं भरलं की मन आपोआप ठरेल.

अबू फारेसनं दोघींना बसायला स्टुलं दिली, कॉफी मागवली, शुक्रीच्या नावानं डोळे पुसले आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणं वदादला मुलाच्या नावानं हाक मारली. "उम्म रमझी, निवांत बघा. यंदा खूप माल आलाय."

वदाद कपाटापुढं उभी राहिली आणि गोंधळली. एवढी वर्षं पोतं घरी यायचं, ती उघडायची. निवड कशी करतात हे तिला ठाऊकच नव्हतं. मग एका मुखपृष्ठावर शिडं दिसली. हात आपोआप तिकडं गेला. दुसऱ्यावर नांगर होता, तेही घेतलं. तिसऱ्यावर दीपस्तंभ.

"तेच का?" अफीफा मागून कुरकुरली. "दुसरं काही बघ की."

"तुम्हाला काय कळतंय, वन्सं? चित्रावरून ओळखताय होय?"

"डोळे आहेत मला! जहाज मला दिसतं. ते ठेव खाली."

"ह्यांना आवडायची ही."

त्यावर अफीफा तोंड फिरवून बसली. बसमध्ये नवा ड्रायव्हर होता. त्याचं नाव विचारायचंही दोघींच्या जिवावर आलं.

संध्याकाळी वदाद म्हणाली, "कोठीची किल्ली द्या, वन्सं. पोतं आत ठेवते."

"नाही देत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही देत. पुरे झाली ती जहाजं! जन्मभर पाण्यात बसून माझी हाडं भिजली."

वदादनं पोतं खाली ठेवलं. "अहो, पण तुम्ही तर कान टवकारून ऐकायचात."

अफीफानं किल्ली मुठीत घट्ट धरली. "तन्नूस ब्राझीलला गेला, ते वर्ष आठवतं तुला? नाही, तू कुठली आठवायला, तू आली नव्हतीस तेव्हा. साखरपुडा झाला होता आमचा. जहाजात चढला, आणि आजवर ना चिठ्ठी ना निरोप. त्या हिवाळ्यात मी शुक्रीला विचारलं, जहाजावर माणसं झोपतात कुठं? खातात काय? त्या बिचाऱ्याला काय माहीत! तो झहलेला गेला आणि जहाजाची कादंबरी घेऊन आला. पुढल्या वर्षी आणखी आणली. मग आणतच राहिला."

"म्हणजे ह्यांना आवडायची नाहीत?"

"त्याला? अगं, वादळाचं पान वाचताना पांढराफटक पडायचा तो. मी तिसऱ्याच हिवाळ्यात तन्नूसला सोडून दिलं होतं मनातून. पण भाऊ एवढं पोतं वाहून आणतो, आवाज काढून वाचतो, त्याला कुठल्या तोंडानं म्हणू, की बस झालं? आणि तू तर आ वासून ऐकायचीस. म्हटलं, वहिनीला आवडतंय."

"मी?" वदादचा आवाज चिरकला. "मी टाके मोजायचे, वन्सं! एकाही कप्तानाचं नाव सांगता यायचं नाही मला!"

आधी अफीफाला हसू फुटलं, मग वदादला. हसता हसता वदादला रडू कोसळलं. वसंतापासून अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. एवढं प्रेम होतं या घरात, आणि सांगायची काय चोरी! अफीफानं तिला थोपटलं आणि आपल्या ओढणीनं तिचं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं.

बऱ्याच वेळानं वदादनं विचारलं, "मग तुम्हाला काय ऐकायचं असतं?"

अफीफा विचारात पडली. हे तिला आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं. "भांडणं," ती शेवटी लाजत म्हणाली. "जावाजावांची, सासवासुनांची. चांगली कचकचीत. आणि सगळं जमिनीवर घडलं पाहिजे."

"मी वाचीन," वदाद म्हणाली. तोंडातून निघून गेलं, आणि मग तिला कळलं की ठरलं. "अडखळत वाचीन. पण हसायचं नाही."

"हसेन की! त्याशिवाय हिवाळा सरायचा कसा?"

रविवारी रमझी आला. दारात आई कोट घालून तयार, शेजारी आत्याही तयार, मधे पोतं. त्याचा चेहरा खुलला.

"आत्या, तूसुद्धा? देव पावला! बस्स, एवढंच सामान?"

"सामान नव्हे, पुस्तकं आहेत," वदाद म्हणाली. "आधी झहलेला घे गाडी. अबू फारेसकडून बदलून आणायचीत. मग आम्हाला परत इथं सोड आणि तू अंधार पडायच्या आत घाट उतर."

"परत इथं? आई, बर्फ पडलं की मला वर येता येणार नाही, कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणूनच आज बदलायचीत."

रमझीनं आत्याकडं पाहिलं, निदान तिच्याकडून काही मदत होईल म्हणून. अफीफाचं लक्षच नव्हतं. ती खाली वाकून पोत्यात हात घालून चाचपत होती. शिडांचं चित्र असलेलं एक पुस्तक तिनं बाहेर काढलं, त्याच्यावरची धूळ पुसली आणि घरात जाऊन शेगडीजवळच्या शुक्रीच्या खुर्चीत ठेवून आली.

"ते कशाला?" वदादनं विचारलं.

"एक राहू दे," अफीफा म्हणाली. "सगळीच परत केली, तर त्याला कळेल की आपल्याला आवडत नव्हती."

वदादनं मान डोलावली आणि दार ओढून घेतलं.